आठवडी बाजारात ब्रंच : काय घ्यावं, कोणाकडून घ्यावं, कधी जावं?

बागेतली_सून

नमस्कार मंडळी. पुण्याहून अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शीकडं परत येऊन आम्हाला दीड वर्ष झालं, घर गावात आहे, थोडी संत्र्याची बाग आणि बाकी तूर-कापूस. येत्या शनिवारी रात्री माझी नणंद तिच्या दोन्ही मुलांना घेऊन येतेय, दोघंही कॉलेजात आहेत, आणि फोनवर भाचीनं विचारलं की मामी, रविवारी ब्रंचला कुठं जायचं तुमच्याकडं? मी म्हटलं बाजारात जायचं. बोलून गेले खरी, पण तेव्हापासून तेच डोक्यात आहे, कारण आमचा आठवडी बाजार रविवारीच असतो, घरापासून चालत दहा मिनिटं, आणि मला खरंच वाटतं की सकाळी साडेदहा-अकराचं भरपेट खाणं त्या बाजारातून उभं राहू शकतं, थोडं तिथंच गरम खायचं आणि थोडं विकत घेऊन घरी पटकन करायचं.

पण एवढ्या दिवसांत मी बाजारातून फक्त भाजीच आणली आहे. आलू, कांदे, वांगे, सांबार म्हणजे कोथिंबीर, झालं. सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणतात त्यात काय आणायचं, भाकरी-चून, म्हणजे पिठलं-भाकरी, करून टाक. तेही आवडेलच मुलांना, पण मला त्यांना बाजार दाखवायचा आहे, आपल्याकडं पौषात काय काय येतं ते ताटात दिसायला पाहिजे.

तर विचारायचं असं की किती वाजता जावं, तयार काय खाण्यासारखं मिळतं, आणि कच्चं काय आणलं तर अर्ध्या-पाऊण तासात होतं. आमच्या तुरीच्या शेंगा वाळत आल्या आहेत, म्हणजे हिरव्या शेंगासुद्धा बाजारातूनच घ्याव्या लागतील. तुमच्या तुमच्या भागात काय मिळतं तेही लिहा, फक्त आमच्याच बाजारापुरतं नको.

गुजरीवाला

ताई, पहिले वेळेचं सांगतो कारण इथंच सगळे चुकतात. माझे आईवडील तीस वर्षं बाजार करत होते, आठवड्याला पाच गावं. शहरात मंडी पहाटे भरते म्हणून लोकांना वाटते की गावचा बाजारही सकाळी सकाळी भरत असंल. तसं नसते. बाजाराच्या दिवशी मजुराला हप्त्याची मजुरी भेटते, ती हातात आल्यावर तो बाजार करते, म्हणून खरी गर्दी दुपारी तीन-चारनंतर. लहान गावात आठ वाजता गेलात तं चार बांबू आणि दोन ताडपत्र्या दिसतील, बाकी काही नाही.

पण ब्रंचसाठी तीच तं मजा आहे. साडेनऊ ते साडेदहा ही वेळ धरा. या वेळेला दोन प्रकारचे लोक येतात. एक म्हणजे आमच्यासारखे, जे हर्रासातून म्हणजे लिलावातून माल उचलून टेम्पोनं आणतात, त्यांचा माल चांगला असते पण तोच माल तुम्हाला रोजच्या भाजीबाजारात म्हणजे गुजरीतही भेटते. आणि दुसऱ्या म्हणजे आजूबाजूच्या गावच्या बाया, ज्या सकाळच्या एसटीनं नाही तं ऑटोनं एक टोपलं, एक चुंगडी घेऊन येतात. त्यांच्याजवळ घरच्या बांधावरचं असते, तेवढंच असते, आणि अकरा-साडेअकराला संपलं की त्या आपला बाजार करून घरी जातात. त्या कधीच मधल्या ओळीत बसत नाहीत कारण मधल्या जागा ठरलेल्या असतात, त्या कडेला, एखाद्या देवळाच्या पाराजवळ किंवा बैलबाजाराच्या तोंडाशी बसतात. तुमचं ब्रंच तिथं आहे.

आणखी एक. त्यांच्याजवळ वजनकाटा बहुतेक नसते, वाट्यानं विकतात. वाट्यात घासाघीस करू नका, त्यापेक्षा विचारा की मावशी हे कसं करायचं. माझी माय असं विचारणाऱ्याला मूठभर जास्तीचं टाकायची, अन् करायची रीतही सांगायची.

उकडपेंडी_अकोला

गुजरीवाला भाऊंनी वेळ बरोबर सांगितली. मी खाण्याचं सांगते.

ताई, घरी करायचं म्हटलं तर उकडपेंडीच करा, दुसरं काही नको. वऱ्हाडात जन्मलेल्या माणसाला सकाळी पोटभर आणि झटपट काय पाहिजे असेल तर हेच, आणि पुण्या-मुंबईच्या मुलांनी ही सहसा खाल्लेली नसते. बाजारातून फक्त कांदे, हिरव्या मिरच्या, सांबार आणि आंबट ताक आणायचं. ताक गवळ्याकडून घ्या, पाकिटातलं आंबट नसतं.

चार जणांना दोन वाट्या जाडसर कणीक घ्या. जाडसर म्हणजे चाळणीत वर कोंडा राहतो ना, तो काढायचा नाही. कढईत कोरडीच मंद आचेवर भाजा. इथं घाई करू नका, दहा-बारा मिनिटं लागतातच, पिठाचा कच्चा वास जाऊन खमंग वास आला आणि रंग बदामी झाला की काढून ठेवा. मग त्याच कढईत फल्लीचं म्हणजे शेंगदाण्याचं तेल जरा सढळ हातानं, मोहरी, जिरं, कढीपत्ता, मूठभर फल्लीदाणे, दोन मोठे कांदे बारीक चिरून, मिरच्या, हळद. कांदा मऊ झाला की पीठ घालून हलवा आणि वरून ताक शिंपडत जायचं. ओतायचं नाही, शिंपडायचं. एका हातानं शिंपडा, दुसऱ्या हातानं उलथनं चालू ठेवा. पीठ ओलं होऊन मोकळ्या गाठी व्हायला लागल्या की मीठ, चिमूटभर साखर, झाकण ठेवून दोन वाफा. झाकण काढल्यावर शिऱ्यासारखा गोळा दिसला तर ताक जास्त झालं, भगराळी, म्हणजे मोकळी दाणेदार, दिसली तर जमलं. वरून सांबार आणि लिंबू.

ज्वारीच्या पिठाचीही होते, माझी आजी तशीच करायची. पण आता आमच्याकडं ज्वारी पेरतंय कोण, सगळं सोयाबीन झालं. बाजारात घरची ज्वारी घेऊन बसलेली बाई दिसली तर दोन किलो घेऊन ठेवा.

झाडीपट्टीचा_पोरगा

मी भंडारा जिल्ह्यातला. आमच्याकडचा बाजार पाहिला तं तुमच्या वऱ्हाडातल्या लोकांना वाटंल आपण दुसऱ्याच राज्यात आलो. कापूस नाही, संत्री नाही, सगळा धान आणि तलाव.

आमच्या बाजारात सकाळी सगळ्यात आधी संपतात ते शिंगाडे. आमच्याकडं जुने मालगुजारी तलाव आहेत, त्यात मासेमारी करणारे ढिवर लोक शिंगाड्याचा वेल लावतात, दिवाळीच्या आसपास सुरू होतात अन् थंडीत चालतात. बाया घरूनच मोठ्या गंजात म्हणजे पातेल्यात उकडून आणतात, वरून ओलं फडकं. काळं साल अडकित्त्यानं कापून आतला पांढरा गर खायचा, कोमट असतानाच. थंड झाला तं पिठूळ लागते. लहानपणी आजोबा बाजारातून कागदाच्या पुडीत आणायचे आणि घरापर्यंत येताना अर्धी पुडी माझ्या पोटात गेलेली असायची.

दुसरं म्हणजे पोहे. धान आमचाच असल्यामुळे पोहे ताजे मिळतात, जाड, जरा मातकट रंगाचे, पांढरेशुभ्र नसतात. भिजवायला थोडा जास्त वेळ लागते पण भिजल्यावर लगदा होत नाही. अन् कोणी घरचा चिन्नोर तांदूळ विकायला बसला असंल तं नक्की घ्या. भंडाऱ्याच्या चिन्नोरला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण आम्हाला त्याचा वास आधीपासून माहीत आहे, एका घरी शिजला तं शेजारच्या घरी कळते. त्याचा मऊ भात, वरून तूप, बाजूला भेदराची चटणी. भेदरं म्हणजे टमाटे. गावरान भेदरं लहान, आंबट असतात, विस्तवावर भाजून लसूण, मिरची, सांबार, मीठ घालून नुसतं हातानं कुस्करायचं. मिक्सर लावू नका, पाणी सुटते.

पावसाळ्यात आलात तं वास्ते म्हणजे बांबूचे कोंब आणि सात्या म्हणजे रानातले मशरूम भेटतील. सात्या मात्र ओळखीच्या बाईकडूनच घ्या. स्वतः रानात जाऊन तोडू नका, दिसायला सारखे असणारे विषारीही असतात.

बागेतली_सून

वाचूनच भूक लागली. गुजरीवाला भाऊ, पाराजवळच्या बायांचं तुम्ही सांगितलं आणि मला आठवलं, आमच्याही बाजारात मारुतीच्या पाराशी चार-पाच जणी बसतात, मी दीड वर्ष त्यांच्यासमोरून जातेय आणि कधी थांबले नाही.

आता तयार खाण्याचं सांगा. आमच्या बाजारात दोन भजेवाले आहेत, एक आलूबोंडा आणि तर्री-पोहे (पोह्यावर चण्याचा तिखट रस्सा) करणारा आहे, आणि जिलेबी. कोणाकडं काय बघून खावं?

उमरेड_रोड

तर्रीवर मी लिहितो, कारण आमच्या घरचा धंदाच पोह्याचा, बाजारातच.

तर्री चांगली की वाईट हे चव न घेता कळतं. गंजात वर लाल तेल दिसतं ना, ते वेगळं तरंगताना दिसलं पाहिजे आणि त्याखाली रस्सा दाट पाहिजे. खालचा रस्सा पाण्यासारखा आणि वर तेल भडक लाल दिसलं की समजा रंग टाकला आहे. आमच्याकडं काळा चणा रात्री भिजतो, पहाटे चारला चुलीवर चढतो. कांदा, सुकं खोबरं, खसखस भाजून वाटलेलं वाटण, आलं-लसूण. तिखट घालताना कढई खाली उतरवायची, तेल थोडं निवलं की तिखट टाकायचं आणि लगेच वाटणात मिसळायचं, म्हणजे रंग लाल राहतो आणि घशाला ठसका लागत नाही. तिखट भिवापूरच्या मिरचीचं. भिवापूर आमच्या बाजूचाच तालुका, त्या मिरचीला 2016 मध्ये मानांकन मिळालं, पण खरी भिवापुरी लावणारे शेतकरी आता कमी राहिले, बाजारात भिवापुरी म्हणून दुसरीच मिरची खपवतात. ओळखीच्या शेतकऱ्याकडून वर्षाची भरून ठेवा हे माझं सगळ्यांना सांगणं आहे.

पोहेवाल्याकडं अकराच्या आधी जा. पोहे वाफेवर धरून ठेवलेले असतात, बारा वाजले की कोरडे पडतात, मग वरून कितीही तर्री घाला, खालचा पोहा घशात अडकतो. आणि मुलांना तिखटाची सवय नसेल तर तर्री वाटीत वेगळी घ्या, पोह्यावर ओतू देऊ नका.

संध्याकाळची_एसटी

भज्याचं सोपं आहे. कढई बघा. तेल काळं, वर पिवळा फेस आणि धूर डोळ्यात जात असेल तर पुढं चला. नवीन तेल ओतल्याबरोबरच्या पहिल्या-दुसऱ्या घाण्याचे भजे खा, बाजारात ते दहा-साडेदहाला निघतात. मुगाच्या डाळीचे असतील तर तेच घ्या, डाळ भिजवून जाडसर वाटलेली असते, वरून कुरकुरीत आणि आतून मऊ. सोबत तळलेली मिरची आणि कच्चा कांदा फुकट असतो, मागून घ्या. कढी मिळत असेल तर कढीत बुडवून खा, आमच्याकडं कढी-भजे हे आख्खं जेवण आहे.

आणि गावरान अंडी म्हणून जे विकतात त्याबद्दल जपून. मागच्या हिवाळ्यात मी तालुक्याच्या एका दुकानातून गावरान म्हणून तीस अंडी दुप्पट भावात आणली. घरी ओल्या फडक्यानं पुसली तर रंग फडक्याला लागला, चहाच्या पाण्यात बुडवलेली पांढरी अंडी. वडिलांना बरं नव्हतं म्हणून मुद्दाम आणली होती, त्याचं जास्त वाईट वाटलं. तेव्हापासून मी अंडी फक्त टोपल्यात तणसावर म्हणजे वाळक्या गवतावर ठेवून आणणाऱ्या बाईकडून घेते. तिची अंडी एका मापाची नसतात, एखादं बारीक, एखादं मोठं, रंगही कमी-जास्त, आणि आठवड्याला दहा-पंधराच्या वर नसतात.

सेमाडोह_मास्तर

मेळघाटातल्या शाळेत नोकरीला आहे, अकरा वर्षं झाली. इथल्या बाजारात कोरकू बाया कुटकी आणतात, बारीक राखाडी दाणा, भातासारखी शिजते, पचायला हलकी. 2023 हे भरडधान्य वर्ष झालं तेव्हा शहरात कुटकीची पाकिटं दिसायला लागली, इथं ती घराघरात होतीच. कुटकी सातआठ वेळा धुवा, खडे असतात, मग दुप्पट पाण्यात शिजवून दही, मीठ आणि मिरचीची फोडणी. थंडीच्या सकाळी ती गरम गरम दह्याशी खाल्ली की दुपारी दोनपर्यंत काही लागत नाही.

गवळ्यांचा खवा हे आमच्या भागातलं दुसरं धन. चिखलदऱ्याच्या वाटेवर म्हशीच्या दुधाचा खवा लाकडाच्या जाळावर आटवतात, त्याला धुराचा हलका वास असतो. आणि मुलांना कॉफीशिवाय ब्रंच वाटत नसेल तर सांगा त्यांना, चिखलदऱ्यात कॉफीची झाडं आहेत, इंग्रजांच्या काळापासूनची. मोर्शीहून चिखलदऱ्याच्या पायथ्याचं परतवाडा दूर नाही, जाणारा कोणी असेल तर आणायला सांगा.

उकडपेंडी_अकोला

मास्तर, कुटकी दह्याशी कधी खाल्ली नाही, करून बघते.

ताई, एक विसरले. थंडीत सांबार मातीमोल असतो, मग सांबारवडी काहून नाही?

संध्याकाळची_एसटी

सांबारवडी पाऊण तासात होत नाही ताई. उगाच त्यांना अडचणीत टाकू नका, बाजारातून आणून धुऊन लगेच करायला गेलं की वडी तेलात फुटते.

उकडपेंडी_अकोला

म्हणून तर आदल्या संध्याकाळी गुजरीतून सांबार आणायचा ना. निवडून, धुऊन, जुन्या धोतराच्या फडक्यावर रात्रभर पसरून ठेवायचा, सकाळी काडीलाही पाणी नको. बारीक चिरायचा, सुकं खोबरं, खसखस, चारोळी, तिखट, लिंबू. मीठ मात्र सारणात अगदी भरायच्या वेळी, आधी घातलं की सांबाराला पाणी सुटतं आणि मग तुम्ही म्हणता तशी फुटते. पारीला बेसनात थोडी कणीक, लाटून आतून चिंच-गुळाचं पाणी पुसायचं, सारण ठेवून पाकिटासारखी घडी. वीस वडीला पाऊण तास पुरतो, दोघी असल्या तर कमी. नणंदेला बसवा सोबत, लाटता लाटता बोलणंही होतं.

संध्याकाळची_एसटी

मिठाचं मला माहीत नव्हतं. माझी वडी का फुटत होती ते आज कळलं.

कुरखेड्याहून

गडचिरोलीकडचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आमच्या बाजारात या दिवसांत मोहाची वाळवलेली फुलं मिळतात, ताजी फुलं चैत्राच्या आगेमागे पडतात, बाया पहाटे अंधारात झाडाखाली जाऊन वेचतात आणि अंगणात वाळवतात. मोह म्हटलं की बाहेरच्या माणसाला फक्त दारू आठवते, याचं मला फार वाईट वाटतं. आमच्याकडं मोह हा आधी खाण्याचा आहे. सुकी फुलं मंद भाजून, तीळ भाजून, दोन्ही उखळात कुटायचे, ते आपोआप चिकट होतं, त्याचे लाडू वळतात, गुळाची गरज नाही. मनुक्यासारखी चव, पण जरा रानवट. सकाळी दोन लाडू आणि वर तांदळाची आंबील, माणूस दुपारपर्यंत जंगलात फिरतो.

2006 च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपज गोळा करायचा आणि विकायचा हक्क गावाला मिळाला, धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये सामूहिक हक्क मिळाला तेव्हा आमच्या भागात सगळ्यांनी ते ऐकलं. त्याच्याआधी हाच माल बाजारात आणताना बाया घाबरायच्या. आता चारोळी, मोह, मध उघड्यावर मांडून बसतात. तिकडं आलात तर मोल करू नका, त्या एका किलो चारोळीमागं किती बिया फोडल्या ते एकदा बघा.

गुजरीवाला

कुरखेड्याच्या भाऊंचं खरं आहे.

ताई, तुमच्याकडच्या बाजारासाठी शेवटचं. संत्री बागेतली आहेतच, पण मुलांना बाजारातली चुरी दाखवा. लहान फळ, पातळ साल, व्यापारी घेत नाही म्हणून वाट्यात येते, गोडीला मोठ्या फळापेक्षा वरचढ असते. अन् तुरीच्या शेंगा घेताना शेंग दाबून पाहा, दाणा भरलेला पाहिजे पण साल हिरवंच पाहिजे. पिवळं पडलेलं साल म्हणजे दाणा उकडूनही चिवट.

बागेतली_सून

रविवार झाला. सविस्तर लिहिते, कारण तुम्ही सगळ्यांनी एवढं मनापासून सांगितलं.

शनिवारी संध्याकाळी सांबार आणून धुऊन फडक्यावर पसरला, सासूबाईंनी विचारलं हे काय, तर सांगितलं उद्या वडी. त्यांनी काही न बोलता उठून कपाटातून खसखशीची डबी काढून दिली. नणंद आणि मुलं रात्री साडेदहाला पोचली.

सकाळी पावणेदहाला आम्ही चौघं बाजारात. भाऊ, तुम्ही सांगितलं अगदी तसंच होतं, मधल्या ओळी अर्ध्या रिकाम्या, टेम्पोतून कोबीची पोती उतरत होती, आणि मारुतीच्या पाराशी पाच जणी. शेवटच्या आजींसमोर तुरीच्या शेंगांचे सहा वाटे, थोडे पोपटाचे म्हणजे वालाचे दाणे, आणि बाजूला एका फडक्यात बोरं. मी शेंग दाबून बघितली तर त्या म्हणाल्या, दाब बाई दाब, माझी तूर विहिरीच्या पाण्याची हाय, उशिरा पेरली म्हणून अजून हिरवी. मी विचारलं आजी, कशा करू? सोलून भाजी करू का? तर त्या म्हणाल्या पोरं आली तं सोलत काहून बसते, आख्ख्याच उकड. पाणी शेंगा बुडतील एवढं घालायचं नाही, अर्ध्यापर्यंत, आणि मीठ भाजीपेक्षा जास्त कारण ते सालातून आत जायचं आहे. झाकण ठेवून मोठा जाळ. सहाच्या सहा वाटे घेतले आणि त्यांनी बोरं तशीच भाचीच्या ओंजळीत घातली.

मग तर्री-पोहे उभ्यानं खाल्ले, तर्री वाटीत वेगळी घेतली. भाच्यानं पहिला चमचा घेतला, नाकातून पाणी आलं, आणि तरी वाटी संपवली. भजेवाल्यांपैकी एकाची कढई काळी होती, दुसऱ्यानं आमच्यासमोर तेल ओतलं, त्याच्याकडं थांबलो. पहिल्या घाण्याचे मुगाचे भजे कागदात बांधून घरी आणले. तणसावरची अंडी कुणाकडंच नव्हती. चुरी मिळाली, दोन वाटे.

घरी सव्वाअकरा. शेंगा चुलीवर चढवल्या, मी उकडपेंडी घेतली, नणंद आणि सासूबाई वडीला बसल्या. माझी पहिली उकडपेंडी ओली झाली, ताक शिंपडताना एकदम जास्त पडलं, मग ताईंचं ते दोन हातांचं वाक्य आठवलं, अजून मूठभर भाजलेलं पीठ घालून सावरली. वडी एकही फुटली नाही, मीठ सासूबाईंनी स्वतःच्या हातानं शेवटी घातलं, त्यांनाही ते माहीत होतंच, मी कधी विचारलं नव्हतं एवढंच.

सगळ्यात जास्त वेळ कशाला लागला असेल तर त्या शेंगांना. परातीत वाफाळत्या शेंगा मधोमध ठेवल्या आणि सगळे गोल बसले. दातांनी शेंग ओढायची, दाणे तोंडात, साल बाजूला. हात सगळ्यांचे गुंतलेले म्हणून फोन कुणाच्याच हातात नाही. नणंदेला आठवलं की लहानपणी शेतातून येताना बाबा शर्टाच्या खिशात शेंगा भरून आणायचे, सासरे गेल्यावर पहिल्यांदाच सासूबाई त्यांच्याबद्दल एवढ्या मोकळेपणानं बोलल्या. उकडपेंडी गार झाली तरी कुणी उठलं नाही. पावणेदोनला परातीत फक्त सालं होती, ती मुलांनीच गाईला नेऊन घातली.

संध्याकाळी मुलांना सोडायला स्टँडवर गेले तेव्हा बाजार पूर्ण भरला होता, पाराजवळ मात्र कुणी नव्हतं. आज आठवडा झाला, पुन्हा गेले होते. आजी तिथंच होत्या, शेंगा आता दोनच वाटे. त्यांना विचारलं चिवळीची भाजी कधी येईल, तर म्हणाल्या होळीच्या आगेमागे, तुह्यासाठी बाजूला ठेवतो, पण दहाच्या आत येजो.

उकडपेंडी_अकोला

ताई, डोळ्यात पाणी आलं वाचताना. चिवळ आणली की पाच पाण्यातून धुवा, पानं एवढुशी असतात आणि रेती मुळाशी धरून बसते. पहिली चारही पाणी गढूळ निघतील, पाचवं बघा. तुरीची डाळ रात्री भिजवून जाडसर वाटायची आणि चिवळ त्यात घालून फुणके वाफवायचे, सोबत कढी. त्याचं प्रमाण होळीच्या आधी इथंच लिहिते.

झाडीपट्टीचा_पोरगा

फुणक्याचं लिहाल तेव्हा डाळ किती जाड वाटायची तेही लिहा. माझे दरवेळी वाफेवर विरघळतात.